कुलूप स्टीअरिंगचे, किल्ली कोणाकडे?

लातूरहून नांदेडकडे निघाले की सुमारे पस्तीस किलोमीटरवर चाकूर लागते. तुळजापूरला नागपूरशी जोडणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच पट्ट्यातून जातो आणि पुण्या-मुंबईच्या क्रमांकाच्या महागड्या मोटारी या रस्त्यावर दिसल्या तर कोणाला आता त्याचे नवल वाटत नाही. अशीच एक मोटार येथे थांबली आहे, अशी कल्पना करू. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, बटणावर सुरू होणारी स्पोर्ट्स कार. मालक चहा घेऊन परततो, बटण दाबतो. समोरचे दिवे लागतात, पण इंजिन दाद देत नाही आणि स्टीअरिंगचे चाक जागचे हलत नाही. पाच-सहा प्रयत्नांनंतर केव्हातरी ‘टक्’ असा आवाज होतो, कुलूप सुटते आणि काही घडलेच नाही अशा थाटात मोटार चालू लागते. महिन्याभराने पुन्हा तेच. सेवा केंद्रात नेली तर तेथे ती निमूट सुरू होते आणि कामाच्या कागदावर शेरा पडतो : ‘दोष आढळला नाही’.

वरवर पाहता हा मूठभर श्रीमंतांच्या डोकेदुखीचा विषय आहे आणि अन्य दिवशी त्यासाठी वृत्तपत्राची जागा खर्ची घालण्याचे कारण नसते. पण या एका हट्टी कुलपात वाहनदुरुस्तीचे अर्थकारण, वाहने माघारी बोलावण्याचा कायदा आणि ग्राहकाचा न्याय मागण्याचा हक्क, असे तीन प्रश्न एकत्र अडकलेले आहेत. शिवाय जे तंत्र कालपर्यंत स्पोर्ट्स कारमध्ये होते, ते आज बटणावर सुरू होणाऱ्या अनेक मध्यमवर्गीय मोटारींत आणि काही विजेवरच्या दुचाकींतही आले आहे. म्हणून हा प्रश्न केवळ त्या चहावाल्यापुढे खोळंबलेल्या मालकाचा राहिलेला नाही.

स्टीअरिंगला कुलूप लावण्याची कल्पना चोरी रोखण्यासाठी पुढे आली. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी ते मोटारींना सक्तीचे केले. अमेरिकेने चोरीप्रतिबंधाचे आपले ११४ क्रमांकाचे मानक १९७०च्या प्रारंभापासून लागू केले. आपल्याकडे हे कुलूप घरोघर पोहोचले ते स्कूटरमुळे. हँडल डावीकडे वळवायचे, किल्ली फिरवायची, खटका बसायचा. ते कुलूप बिघडत नसे असे नाही. परंतु बिघडले तर काय बिघडले हे डोळ्यांना दिसत असे. किल्ली झिजली, आत धूळ गेली, खटक्याची स्प्रिंग तुटली; कोपऱ्यावरचा मिस्त्री तेलाचे दोन थेंब सोडून किंवा नळकांडे बदलून मोकळा होई.

किल्लीची जागा बटणाने घेतली तेव्हा हा सरळ व्यवहार संपला. आता स्टीअरिंगच्या दांड्याला धरून ठेवणारा लोखंडी खटका एक लहानशी विद्युत मोटर आत-बाहेर करते. खटका सुटला की नाही, याची वर्दी एक सूक्ष्म स्विच संगणकाला देतो आणि ही वर्दी मिळाल्याखेरीज संगणक इंजिन सुरू करू देत नाही. यामागचा विचार रास्त आहे. चाक अडकलेले असताना मोटार धावू लागली, तर ती समोर जे येईल त्यावर आदळणार. परंतु याचा अर्थ असा, की मोटर झिजली, स्विचने खोटी वर्दी दिली, किंवा बॅटरी क्षणभर दुबळी पडली, तरी चालकाला दिसणारे लक्षण एकच : मोटार सुरू होत नाही. कारणे निराळी आणि लक्षण एक, अशी अवस्था असली की निदान चुकते. मानवी वैद्यकात हे आपल्याला ठाऊक आहे. मोटारींच्या बाबतीत आपण तेवढा संयम दाखवीत नाही.

या दोषाचे सर्वात बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची पाचवी पिढी १९९७मध्ये बाजारात आली आणि तिच्यात विजेवर चालणारे स्टीअरिंगचे कुलूप होते. किल्ली काढली की कुलूप बसे आणि किल्ली फिरवली की सुटे. न सुटल्यास कुलपाची दुरुस्ती करून घ्या, अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येई. इंजिन तरीही सुरू होऊ शकत असे; मात्र मोटार हलू लागताच इंधन तोडले जाईल, अशी योजना अभियंत्यांनी करून ठेवली होती. कागदावर ही योजना निर्दोष वाटते. प्रत्यक्षात विजेचा दाब कमी असताना कुलूप सुटत नसे आणि विशिष्ट परिस्थितीत इंधन तोडण्याची दुसरी तटबंदीही कोसळण्याची शक्यता उरे. म्हणजे वेग घेणारी, पण वळवता न येणारी मोटार. कंपनीला या दोषाकडे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा वळावे लागले आणि अखेर २००४मध्ये १९९७ ते २००४ या सर्व वर्षांच्या मोटारी त्यासाठी माघारी बोलवाव्या लागल्या.

त्या वेळी केलेला उपायही विचार करण्याजोगा आहे. ज्या मोटारींत स्वयंचलित गिअर होते, त्यांचे स्टीअरिंगचे कुलूपच निकामी करण्यात आले. आठ वर्षे ज्या कुलपाला दुरुस्त करण्याचे प्रयत्न चालले होते, ते नसले तरी चालते, असा तो निवाडा होता! गिअर ‘पार्क’मध्ये घातल्याशिवाय किल्ली निघत नसल्याने चोरीप्रतिबंधाचे मानक त्या मोटारी अन्यथाही पाळत होत्या. हाताने गिअर टाकावयाच्या मोटारींत मात्र कायद्यासाठी कुलूप राखणे भाग होते. त्यांच्या संगणकातील आज्ञावली तेवढी सुधारण्यात आली. त्यामुळे त्या मालकांपैकी अनेकांनी बाजारात मिळणारे कुलूप टाळण्याचे वायरिंग स्वतःच बसवून घेतले. कंपनीने अर्धवट सोडलेले काम हौशी मंडळींनी पुरे केले, असे म्हणावे लागते.

कॉर्व्हेट भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. परंतु निस्सानची ३७०झेड ही स्पोर्ट्स कार २०१०मध्ये येथे आयात होऊन विक्रीस आली आणि परदेशात तिचे विजेरी कुलूप याच दोषासाठी मालकवर्गात पुरेसे कुप्रसिद्ध आहे. तेथे रूढ झालेला तोडगा असा, की कुलूप सुटलेल्या अवस्थेत असताना त्याचा फ्यूज काढून ठेवायचा. खटक्याला वीजच मिळाली नाही, तर तो पुन्हा बसणार कसा? मर्सिडीजच्या २००७ ते २०१४ या पिढीतील सी-क्लासमध्येही कुलपाच्या चिमुकल्या मोटरची झीज हे गॅरेजवाल्यांच्या परिचयाचे दुखणे आहे. ती स्पोर्ट्स कार नव्हे. पण मराठवाड्याशी तिचा संबंध अधिक जवळचा आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्याचे वाचकांना स्मरत असेल. पासष्ट कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची बातमी देशभर गाजली. मराठवाड्यात पैसा आहे, हे त्या बातमीने महानगरांना सांगितले. त्या मोटारी दहा-बारा वर्षांच्या झाल्यावर त्यांची देखभाल कोठे होणार, हे विचारण्याची मात्र कोणाला गरज वाटली नाही.

हा प्रश्न आपल्याकडे गावागावांतून पडतो. चाकूरहून पुणे साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे आणि हैदराबादही तीनशेच्या घरात. स्टीअरिंग अडकलेली मोटार ओढून नेता येत नाही, ती उचलूनच न्यावी लागते. बरे, एवढ्या प्रवासानंतर ती मालवाहू गाडीवरून उतरवताना कुलूप आपोआप सुटलेले असण्याचीच शक्यता अधिक.

तेव्हा जागेवरच निदान करता येते का? बव्हंशी येते आणि त्यासाठी लागणारी पहिली हत्यारे चाकूरच्या कोणत्याही वायरमन-मिस्त्रीकडे आहेत. सुरुवात बॅटरीपासून करावी. विश्रांतीच्या अवस्थेत तिचा दाब साडेबारा व्होल्टच्या वर हवा. पण तेवढ्यावर विसंबू नये. इंजिन सुरू करण्याच्या क्षणी तो कितीवर उतरतो, हे मीटर लावून पाहिले पाहिजे. साडेनऊच्या खाली गेला, तर संगणकांची गडबड सुरू होते. मराठवाड्यातील उन्हाळा शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटवतो. त्यातून या मोटारी महिन्यातील पंचवीस दिवस आच्छादनाखाली उभ्या असतात आणि त्यांतील उपकरणे त्या काळातही थेंबथेंब वीज पीत राहतात. स्पोर्ट्स कारचा सर्वात मोठा शत्रू वेग नसून विश्रांती आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. पुढचे चाक दगडाला टेकवून किंवा उतारावर तिरके ठेवून मोटार उभी केली, तर स्टीअरिंगच्या दांड्याचा ताण खटक्यावर येतो आणि दुबळी मोटर त्याला खेचू शकत नाही. चाकाला दोन्ही बाजूंना हलकेच झुलवत बटण दाबल्यावर कुलूप सुटत असेल, तर दोष यांत्रिक आहे असे मानण्यास जागा आहे. झुलवूनही काही होत नाही, पण खटक्याचा आवाज मात्र दर वेळी येतो, अशी स्थिती असेल तर मोटर काम करीत असून वर्दी देणारा स्विच खोटे बोलत असावा. आवाजच येत नसेल, तर फ्यूज, रिले, गंजलेली अर्थिंगची जोडणी आणि शेवटी खुद्द मोटर, या क्रमाने शोध घ्यायचा. दोष कोणत्या दिवशी, किती वाजता, किती दिवसांच्या विश्रांतीनंतर, कोणत्या उतारावर आला, याची वहीत नोंद ठेवणे हे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. लपंडाव खेळणाऱ्या दोषाची तीच खरी साक्ष असते आणि ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याला तेच उत्तर असते. बटण दाबल्यापासूनचे मोबाइलवरील चित्रीकरण सोबत असले तर आणखी उत्तम.

येथवर मिस्त्रीचे काम होते. यापुढे भिंत आहे. मोटारीतील दोष सांकेतिक क्रमांकांत वाचून दाखवणारे यंत्र आज हजार-दोन हजार रुपयांत मिळते. पण अशी स्वस्त यंत्रे मुख्यतः इंजिनाचे व धुराचे संकेत वाचतात, कारण प्रमाणीकरण झाले ते प्रदूषणाच्या कायद्यांपायी. स्टीअरिंगच्या कुलपाचे संकेत कंपनीच्या खासगी भाषेत असतात. नवे कुलूप मिळवून बसवले, तरी ते त्या विशिष्ट मोटारीशी जुळवून द्यावे लागते आणि ती जुळवणी कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेल्या अधिकृत केंद्रातच होते. दुरुस्तीचे कौशल्य गावात आहे, परवानगी मात्र शहरात.

ही परवानगी अशी कोंडून ठेवता येईल का, याचा निवाडा आपल्या देशात झालेला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक तक्रार आली. तिच्या चौकशीअंती आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरले. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजना न देणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे त्या आदेशात म्हटले होते आणि एकूण २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावण्यात आला होता. वर ज्या तीन कंपन्यांचा उल्लेख आला, त्या तिघींच्या भारतीय शाखा या चौदांत होत्या. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने हमी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे प्रकरण अपिलांत आणि उच्च न्यायालयांत अडकले. डिसेंबर २०१६मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत दोष कायम ठेवला, पण दंड पुष्कळ कमी केला. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश आहे. सेवा केंद्रांचे पत्ते आणि पुस्तिका एकत्र आणणे हे स्वागतार्हच आहे. मात्र चाकूरच्या गॅरेजला नवे कुलूप मोटारीशी जुळवता येईल, अशी व्यवस्था त्यातून उभी राहिलेली नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. कुलपाची भाषा सर्वांना खुली केली, तर ती चोरालाही खुली होते, असे त्या म्हणतात आणि या म्हणण्यात तथ्य आहे. स्टीअरिंगचे कुलूप हा दिव्याचा किंवा वायपरचा भाग नव्हे. परंतु युरोपात आणि अमेरिकेत या पेचावर तोड निघाली आहे. स्वतंत्र कारागिराची ओळख व पार्श्वभूमी तपासून त्याची नोंदणी करायची आणि नोंदणीकृत कारागिरालाच, प्रत्येक कामाची नोंद ठेवून, सुरक्षाविषयक माहिती द्यायची, अशी ती पद्धत आहे. लातूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी असे दोन-तीन कारागीर असले तरी पुण्याच्या फेऱ्या वाचतील. चोरीची भीती खरी असेल, तर आज ज्या चोरवाटेने कुलूप निकामी केले जाते, ती कंपन्यांना अधिक सलायला हवी. कारण फ्यूज काढून ठेवलेली किंवा कुलपाची नक्कल करणारे उपकरण बसवलेली मोटार चोराला उलट सोपी असते. शिवाय मूळ रचनेत बदल केल्याचा प्रश्न उरतोच. वाहनाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरफार कायद्यात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलेले आहे आणि विमा कंपनी चोरीच्या दाव्याच्या वेळी काय म्हणेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

राहिला प्रश्न वाहने माघारी बोलावण्याचा. २०१२पर्यंत आपल्याकडे यासाठी काहीही चौकट नव्हती. त्या वर्षी वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक संहिता आणली. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ११०-अ हे कलम घातले आणि १ एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू झाले. सरकारला आता सक्ती करता येते आणि अशा सक्तीच्या प्रसंगी कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. वर्षाला पाचशेपर्यंत खप असलेल्या मोटारींसाठी खपाच्या वीस टक्के तक्रारी आल्या की यंत्रणा हलावी, अशी तरतूद आहे. गंमत अशी, की वर्षाला दहाच मोटारी विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दोन तक्रारीही पुरतात! कायद्याने दिलेली ही सवलत वापरली मात्र जात नाही. मालक आपसात बोलतात, बिल भरतात, मोटार विकून टाकतात. सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

त्याहून अवघड प्रश्न व्याख्येचा आहे. नियमाला अभिप्रेत असलेला दोष म्हणजे रस्त्यावरील सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला धोका निर्माण करणारा दोष. चहाच्या टपरीपुढे उभी राहिलेली आणि सुरूच न होणारी मोटार कोणाला धोका निर्माण करते? कंपनी म्हणेल, ही गैरसोय आहे, धोका नव्हे. आणि वरकरणी ते बरोबर आहे. कॉर्व्हेटच्या प्रकरणाने हीच रेषा किती पुसट आहे ते दाखवले. सुरू होऊ न देणारी तटबंदी शाबूत आहे तोवर गैरसोय. ती एका क्षणी ढासळली तर अपघात. त्याच कंपनीच्या इग्निशन स्विचचे प्रकरण २०१४मध्ये जगापुढे आले, तेव्हा तर चालत्या मोटारीत किल्ली जागेवरून घसरून इंजिन, स्टीअरिंगचे साह्य आणि एअरबॅग हे सारे एकदम बंद पडत होते. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सुरुवातीच्या वर्षांत त्या दोषाचीही संभावना कंपनीत ‘ग्राहकाची गैरसोय’ अशीच झाली होती.

ग्राहकाने दाद मागायची ठरवली तर? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोलाची सोय केली आहे : तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील आयोगाकडे तो जाऊ शकतो. म्हणजे चाकूरच्या रहिवाशाला कंपनीच्या मुख्यालयाचे शहर गाठावे लागत नाही; लातूरचा जिल्हा आयोग त्याला उपलब्ध आहे. फक्त एक अट आहे. डिसेंबर २०२१च्या नियमांनुसार मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तरच जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून महागडी मोटार असेल तर थेट दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. पंधरा लाखांच्या मोटारीचा मालक लातुरात न्याय मागेल आणि स्पोर्ट्स कारच्या मालकाला त्यासाठीही दूरचा प्रवास घडेल. त्याच्याबद्दल फार हळहळ वाटू नये हे खरे. पण बटणावर सुरू होणाऱ्या पंधरा लाखांच्या मोटारीतही आता तसेच कुलूप असू शकते. कारणमीमांसा घडल्यापासून दोन वर्षांची मुदत दोघांनाही सारखीच आहे. ‘दोष आढळला नाही’ असे तीन-चार शेरे मिळवता मिळवता ती निसटण्याचा धोकाही सारखाच आहे.

आणि माघारी बोलावण्याच्या नियमाला वयाची मर्यादा आहे, सात वर्षांची. मोटरची झीज, स्विचचे कळकणे, जोडण्यांवर चढणारा गंज ही दुखणी पहिल्या दोन-तीन वर्षांत क्वचितच दिसतात. ती डोके वर काढतात ती हमी संपल्यावर आणि पुष्कळदा सात वर्षांच्या आसपास. कॉर्व्हेट माघारी बोलावली गेली तेव्हा तिच्या सर्वात जुन्या मोटारी नेमक्या सात वर्षांच्या होत्या. आपल्याकडे मध्यम किमतीच्या मोटारींत बटण गेल्या दहा वर्षांत सर्रास आले. त्यांपैकी २०१८च्या मोटारींनी ही मर्यादा २०२५मध्ये ओलांडली आणि त्यांची कुलपे आता कुठे बिघडण्याच्या वयाला येत आहेत.